एक कवच, चार नावे: ट्रायलोबॅटस सॅक्युलिफरच्या नामकरणाचे प्रकरण

उष्ण कटिबंधातील महासागराच्या तळावरून, चुनखडी विरघळून जाण्याइतकी खोली नसलेल्या ठिकाणचा गाळ वर काढला, धुतला आणि १५० मायक्रोमीटरच्या चाळणीवर उरलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पसरला, तर फोरॅमिनिफेरा गटातील ट्रायलोबॅटस सॅक्युलिफर या प्लवकाची (पाण्यात तरंगत राहणाऱ्या सूक्ष्म जिवाची) कवचे त्यात बहुधा असतातच. जीव एकपेशीय, कवच कॅल्साइटचे, आकार साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. या कवचांना वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या अभ्यासकांकडून चार प्रजातिनावे मिळाली: क्वाड्रिलोबॅटस, ट्रायलोबस, सॅक्युलिफर आणि इमॅच्युरस. २०१३ मध्ये ऑरोर आंद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पॅलिओबायॉलॉजी’ या नियतकालिकात असे दाखवले, की आजच्या समुद्रात जिवंत सापडणाऱ्या या साऱ्या आकारांमध्ये जनुकीय फरक आढळत नाही. चार नावांखाली वावरणारा जीव एकच आहे.

वरवर पाहता प्रश्न येथे मिटायला हवा होता. प्रत्यक्षात तो येथून पुढे अवघड झाला. एकाच जिवाला एकच नाव द्यायचे ठरले, तर चारांपैकी कोणते द्यायचे? जे नाव जगभर रुळलेले आहे ते चारांमध्ये सर्वांत जुने नाही. शिवाय यांपैकी काही नावे ज्या कवचांवर बेतलेली आहेत, ती कवचे कित्येक दशलक्ष वर्षांपूर्वीची आहेत आणि त्यांच्यातून जनुके मिळण्याची शक्यता नाही. आकार, वंशसंबंध आणि नामकरणाचे नियम हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि या प्रकरणातला बराचसा गोंधळ एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यावर लादल्यामुळे झाला आहे, असे माझे मत आहे. पुढील मांडणी त्याच अंगाने केली आहे.

नावे कशी जमली

पहिले नाव आल्सिद दॉर्बिनी यांचे. व्हिएन्नाच्या तृतीयक (डायनोसॉरांनंतरच्या भूशास्त्रीय कालखंडातील) खोऱ्यातील जीवाश्म फोरॅमिनिफेरांवरचा त्यांचा ग्रंथ १८४६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ‘ग्लोबिजेरिना क्वाड्रिलोबाटा’ हे नाव आहे. म्हणजे ते मुळात मायोसीन (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या) काळातील जीवाश्मावर आधारलेले आहे. १८५० मध्ये ऑगस्ट रॉईस यांनी ऑस्ट्रियन साम्राज्यातील तृतीयक खडकांमधूनच ‘ग्लोबिजेरिना ट्रायलोबा’चे वर्णन केले. १८७७ मध्ये हेन्री बोमन ब्रॅडी यांनी न्यू ब्रिटन बेटसमूहातून आलेल्या, खडूसारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या खडकातील फोरॅमिनिफेरांवर ‘जिऑलॉजिकल मॅगझीन’मध्ये एक पुरवणी टिपण लिहिले, आणि त्यात ‘ग्लोबिजेरिना सॅक्युलिफेरा’ हे नाव आले. त्या टिपणाच्या शीर्षकात खडू या शब्दापुढे ब्रॅडींनी प्रश्नचिन्ह घातले होते, हे नोंदवण्याजोगे आहे. पुढे चॅलेंजर या जहाजाच्या महासागर-संशोधन मोहिमेच्या १८८४ च्या अहवालामुळे ब्रॅडींची नावे व चित्रे सर्वदूर पोहोचली. चौथे नाव बरेच उशिरा आले: मध्य सुमात्रातील निओजीन (मायोसीन आणि त्यानंतरच्या प्लायोसीन काळातील) खडकांवर काम करताना लेरॉय यांनी १९३९ मध्ये सॅक्युलिफरचा एक उपप्रकार म्हणून ‘इमॅच्युरा’ हे नाव दिले.

दरम्यान १९२७ मध्ये जोसेफ कुशमन यांनी ‘ग्लोबिजेरिनॉइडिस’ हा वंश (जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) वेगळा केला. ग्लोबिजेरिनामध्ये कवचाच्या नाभीकडच्या (वेटोळ्याच्या मध्यावरील खळग्याच्या) बाजूला एक मुख्य द्वार असते. ग्लोबिजेरिनॉइडिसमध्ये त्याखेरीज सर्पिल बाजूला, कक्षांच्या (कवचातील एकामागून एक जोडलेल्या कप्प्यांच्या) सांध्यांवर, पूरक द्वारेही असतात. आपली पहिली तिन्ही नावे या नव्या वंशात गेली. वंशनाव पुल्लिंगी असल्याने लॅटिन विशेषणांची लिंगे बदलली आणि सॅक्युलिफेराचे सॅक्युलिफर, ट्रायलोबाचे ट्रायलोबस झाले. मूळ अभ्यासकाचे नाव व वर्ष तेव्हापासून कंसात लिहिले जाते, कारण प्रजाती मूळ वंशातून दुसरीकडे हलवली गेली आहे हे प्राण्यांच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या संहितेनुसार त्या कंसानेच सूचित होते. कंस गाळण्याची चूक आजही प्रसिद्ध तक्त्यांमध्ये दिसते.

सूक्ष्मदर्शकाखाली

व्याख्या कागदावर सुटसुटीत आहेत. शेवटचा कक्ष आधीच्या सर्व कक्षांच्या एकत्रित आकारापेक्षा मोठा असेल तर ट्रायलोबस. तो तेवढा मोठा नसेल आणि नाभीकडून तीन कक्ष दिसत असतील तर इमॅच्युरस. कक्ष हळूहळू वाढत गेलेले आणि नाभीकडून चार कक्ष नीट दिसत असतील तर क्वाड्रिलोबॅटस. शेवटचा कक्ष गोल न राहता लांबट, चपटा, पिशवीसारखा झालेला असेल तर सॅक्युलिफर. चौघांच्याही कवचाची भिंत सारखीच आहे: प्रत्येक छिद्र एका खोलगट खळग्यात, खळग्यांभोवती उंच कडा, एकंदर बांधणी मधाच्या पोळ्यासारखी. जिवंतपणी या भिंतीवर लांब काटे असतात. जीवाश्मात बहुतेक वेळा त्यांचे बुंधेच उरतात.

आता काळ्या तबकावर, ओल्या ब्रशच्या टोकाने नाभीची बाजू वर करून ठेवलेले एखादे कवच पाहावे. नाभीकडून तीन कक्ष दिसतात. मुख्य द्वाराची कमान रुंद आहे. शेवटचा कक्ष आधीच्या कक्षापेक्षा किंचित चपटा असून त्याचे टोक थोडे निमुळते झाले आहे. ही पिशवी म्हणायची का? एक निरीक्षक सॅक्युलिफर लिहील, दुसरा इमॅच्युरस, आणि कवच थोडे तिरके ठेवले तर पहिलाच आपले मत बदलेल. ट्रायलोबस आणि इमॅच्युरस यांची सीमा तर एका गुणोत्तरावर आहे, आणि हे गुणोत्तर एखाद्या नमुन्यातील पुष्कळ कवचांवर मोजले तर मध्ये खंड न पडता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जाते. क्वाड्रिलोबॅटसची चार कक्षांची अट कवच कोणत्या कोनात बसले आहे यावर अवलंबून राहते.

याहून मोठी अडचण मोडतोडीची आहे. पिशवीसारख्या कक्षाची भिंत तुलनेने पातळ असते आणि गाळात किंवा धुताना तो कक्ष तुटू शकतो. तो तुटला की उरलेले कवच इमॅच्युरस किंवा ट्रायलोबसच्या व्याख्येत अगदी नीट बसते. म्हणजे नमुना धुणाऱ्याच्या हाताच्या जोरावर प्रजातींच्या गणनेचा तोल बदलू शकतो. मोडतोड बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. फोरॅमिनिफेरा कक्ष एकामागून एक जोडत वाढतात. त्यामुळे आज सॅक्युलिफर म्हणून ओळखले जाणारे प्रत्येक कवच शेवटचा कक्ष बांधण्याच्या आदल्या टप्प्यावर दुसऱ्याच नावाचे होते. ज्या व्याख्येनुसार एकच जीव आयुष्याच्या अखेरीस प्रजाती बदलतो, ती व्याख्या प्रजातीची असू शकत नाही, हे जनुकशास्त्राची वाट न पाहताही म्हणता आले असते.

आणि काहींनी ते म्हटलेही होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲलन बे यांच्यासह काही अभ्यासकांनी हे जीव समुद्रातून जिवंत पकडून प्रयोगशाळेत वाढवले, तेव्हा पिशवीसारखा कक्ष सहसा सर्वांत शेवटी, युग्मके (प्रजननपेशी) तयार होण्याच्या थोडे आधी बांधला जातो, असे दिसले. त्यानंतर काटे शोषले जातात, कवचावर कॅल्साइटचा आणखी एक थर चढतो, युग्मके बाहेर पडतात आणि रिकामे कवच तळाकडे निघते. मात्र पिशवी न बांधताही काही जीव प्रजनन करतात, म्हणून पिशवी ही प्रौढत्वाची सरसकट खूण मानता येत नाही. आयुर्मान साधारण एका चांद्रमासाचे. त्या अल्प काळातील आहार आणि प्रकाश यांचाही कवचाच्या आकारावर परिणाम होतो.

जनुकांनी काय सांगितले

२०१३ च्या अभ्यासात निरनिराळ्या महासागरांतील एकेक जीव घेऊन, आधी त्याच्या आकाराची नोंद करून, मग रायबोसोमच्या (पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या) लहान उपघटकाच्या जनुकाचा क्रम पाहिला गेला. प्लवक फोरॅमिनिफेरांमध्ये हे जनुक झपाट्याने बदलते आणि त्यामुळे जवळच्या प्रजातींमधला फरकही त्यात सहसा पकडला जातो. येथे फरक मिळाला नाही. या निष्कर्षाला वजन आहे ते तुलनेमुळे. ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर या शेजारच्या प्रजातीत हेच जनुक तपासले तेव्हा नेमके उलटे चित्र निघाले होते: एका नावाखाली अनेक जनुकीय प्रकार दडलेले होते, त्यांपैकी एकासाठी ‘इलाँगेटस’ हे जुने प्रजातिनाव पुन्हा वापरात आणावे लागले, आणि २०१९ मध्ये पांढऱ्या कवचांच्या एका गटाला ‘रुबर आल्बस’ असे उपप्रजातीचे नाव मिळाले. तेव्हा सॅक्युलिफरमध्ये फरक न सापडणे हा पद्धतीचा दोष आहे, असे म्हणण्यास फारशी जागा उरत नाही.

तरीही या निष्कर्षाची व्याप्ती नेमकी किती, हे पाहिले पाहिजे. तो आजच्या जीवांबद्दल आहे. आज हे आकार एकाच प्रजातीचे आहेत, यावरून मायोसीनमध्येही ते एकाच प्रजातीचे होते असे आपोआप सिद्ध होत नाही. शक्यता दाट आहे, कारण त्या काळातील कवचांमध्येही आकार एकमेकांत तसेच मिसळलेले दिसतात. पण शक्यता आणि पुरावा यांत अंतर आहे. खडकांतील क्रमही लक्षात घ्यावा लागतो. ट्रायलोबसचा आकार आरंभीच्या मायोसीनमध्ये आधी दिसतो आणि पिशवीधारी आकार त्यानंतर. जीवाश्मांच्या अभ्यासकाला या दोन आगमनांना दोन वेगळी नावे हवी असतात, कारण थरांचे वय ठरवण्यासाठी नेमक्या याच पहिल्या व शेवटच्या नोंदी वापरल्या जातात. चारही नावे एका फटक्यात काढून टाकली तर ही माहिती लिहिण्याची सोयच उरत नाही.

म्हणून व्यवहारात दोन पातळ्या मानल्या गेल्या. जिवंत जिवांसाठी जैविक प्रजाती एक. जीवाश्मांसाठी, आकारापुरती मर्यादित अशी रूपप्रजातींची नावे, आणि या साऱ्यांना मिळून ‘सॅक्युलिफर गट’ असा उल्लेख. काही जणांना ही तडजोड वाटते. मला ती प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात पुरावा जेथे संपतो तेथेच दावाही संपतो. तिचा धोका एवढाच, की रूपप्रजातीचे नावही द्विपद (वंश आणि प्रजाती अशा दोन शब्दांच्या) नावाच्याच साच्यात लिहिले जाते आणि वाचणाऱ्याला दोन्हींतला फरक नावावरून कळत नाही.

नियमांची बाजू

येथे प्रकरण खरोखर गुंतते. फोरॅमिनिफेरा हे प्राणी नाहीत, तरी त्यांची नावे परंपरेने आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेखाली येतात. त्याच गाळात सापडणारे कोकोलिथधारी (चुन्याच्या सूक्ष्म चकत्या धारण करणारे) शैवाल मात्र वनस्पतींच्या संहितेखाली जाते. प्राणिनामकरण संहितेची सध्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्या २३ व्या कलमातील अग्रक्रमाचे तत्त्व असे, की एकाच प्रजातीची अनेक नावे असतील तर वैध नाव सर्वांत जुने. ते तत्त्व या चारांना लावले तर उत्तर स्पष्ट आहे: १८४६ चे क्वाड्रिलोबॅटस. १८५० चे ट्रायलोबस दुसरे, १८७७ चे सॅक्युलिफर तिसरे. लेरॉय यांचे इमॅच्युरस १९३९ मध्ये केवळ उपप्रकार म्हणून आले असले तरी १९६१ पूर्वीचे उपप्रकार, काही अटींच्या अधीन राहून, उपप्रजाती मानले जातात आणि म्हणून ते नावही शर्यतीत आहे, फक्त शेवटच्या क्रमांकावर.

क्वाड्रिलोबॅटस हे नाव विस्मरणात गेलेले असते तर मार्ग सोपा होता. त्याच कलमात अशी तरतूद आहे, की जुने नाव १८९९ नंतर वैध नाव म्हणून कोणीही वापरलेले नसेल, आणि नवे नाव गेल्या ५० वर्षांत किमान १० लेखकांच्या किमान २५ प्रकाशनांत, किमान १० वर्षांच्या अवधीत पसरून वापरले गेले असेल, तर अभ्यासकाला स्वतःच क्रम उलटवता येतो. सॅक्युलिफर दुसरी अट सहज पूर्ण करते. पहिली अट पूर्ण होत नाही, कारण क्वाड्रिलोबॅटस हे नाव विसाव्या शतकात, विशेषतः बॅनर आणि ब्लो यांच्या १९६० च्या कामानंतर, जीवाश्मांच्या लेखनात वैध नाव म्हणून वापरले गेले आहे. अशा वेळी संहिता एकच दार उघडे ठेवते: आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाकडे अर्ज करून रूढ नाव राखण्याची विनंती करणे. अर्ज विचाराधीन असेपर्यंत कनिष्ठ (नंतरचे) नाव वापरत राहावे, असेही त्यात नमूद आहे.

बॅनर आणि ब्लो यांचे ते काम आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. एकोणिसाव्या शतकातील अभ्यासक एखादे नाव देताना एकच आदर्श कवच निश्चित करीत नसत. एका नावाखाली अनेक कवचे असत आणि ती सगळी आजच्या दृष्टीने एकाच प्रजातीची असतीलच, याची खात्री नसे. म्हणून जुन्या संग्रहातून नंतर एखादे कवच निवडून त्याला लेक्टोटाइप घोषित करतात. एकदा ते वैध रीतीने घोषित झाले की नावाचा अर्थ त्या एका कवचाशी कायमचा बांधला जातो, मूळ वर्णनात काहीही लिहिलेले असो. बॅनर आणि ब्लो यांनी १९६० मध्ये ग्लोबिजेरिना गटातील अनेक जुन्या नावांसाठी असे प्राथमिक नमुने तपासून निश्चित केले. त्यांच्या निवडींवर नंतर वादही झाला. १९८१ मध्ये बोली आणि साँडर्स यांनी क्वाड्रिलोबॅटस गटाचाच फेरविचार केला. ब्रॅडींच्या सॅक्युलिफरचे मूळ नमुने २००६ मध्ये पुन्हा तपासून त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहिला गेला. नव्वद टक्के लोक नाव वापरताना हे नमुने कधी पाहत नाहीत, असा माझा अंदाज आहे, आणि तरीही वादाचा शेवटचा निकाल त्या कवचांपाशीच लागतो.

तर मग सॅक्युलिफर हे नाव नियमभंग करून वापरले जाते का? तसे नाही. अग्रक्रमाचे तत्त्व तेव्हाच लागू होते, जेव्हा दोन नावे एकाच प्रजातीची आहेत असे अभ्यासक मानतो. दोन नावांचे आधारनमुने वेगवेगळी कवचे असतील, तर ती एकच प्रजाती आहेत हे म्हणणे नियमाचे नसून मताचे असते. दॉर्बिनींचे मायोसीन कवच आणि आजचा जिवंत सॅक्युलिफर ही एकच जैविक प्रजाती आहे, असे ठासून सांगण्याइतका पुरावा नाही. जो अभ्यासक त्यांना वेगळे मानतो, त्याने जिवंत प्रजातीला सॅक्युलिफर म्हणणे नियमाला धरून आहे. जो त्यांना एक मानतो आणि तरीही सॅक्युलिफर लिहितो, त्याच्यापुढे मात्र आयोगाकडे जाण्यावाचून निर्दोष पर्याय नाही. हीच भूमिका घेताना ट्रायलोबसबद्दलही सारखाच विचार करावा लागतो, हे बरेच जण विसरतात: क्वाड्रिलोबॅटस बाजूला सारला तरी ट्रायलोबस सॅक्युलिफरपेक्षा सत्तावीस वर्षांनी जुने आहे.

वंशाचे नाव बदलते

प्रजातीचा प्रश्न असा अर्धवट सुटलेला असतानाच वंशाचा प्रश्न पुढे आला. कुशमन यांनी वंश बांधला होता तो पूरक द्वारांवर. २०१५ मध्ये सिल्व्हिया स्पेत्साफेरी आणि सहकाऱ्यांनी ‘प्लॉस वन’मध्ये जीवाश्म आणि जनुके असा दुहेरी पुरावा एकत्र मांडून दाखवले, की पूरक द्वारे असलेले ग्लोबिजेरिनॉइडिस हे एका पूर्वजाचे वंशज नाहीत, हे लक्षण स्वतंत्रपणे एकापेक्षा अधिक वेळा उद्भवले आहे. रुबर आणि काँग्लोबॅटस एका शाखेवर, सॅक्युलिफर दुसऱ्या शाखेवर. भिंतीची बांधणी या शाखांमध्ये वेगळी असून वंशसंबंध दाखवण्यात ती द्वारांपेक्षा अधिक भरवशाची ठरते, हे येथे पुन्हा दिसून आले.

वंश फोडायचा झाला तर मूळ नाव कोणाकडे राहणार, याचा निर्णय पसंतीवर नसतो. प्रत्येक वंशनाव एका प्रजातीशी बांधलेले असते. ग्लोबिजेरिनॉइडिसची अशी आधारप्रजाती म्हणजे दॉर्बिनींनी १८३९ मध्ये क्युबाच्या वाळूतून वर्णन केलेली रुब्रा. त्यामुळे नाव रुबरच्या शाखेकडे राहिले आणि सॅक्युलिफरच्या शाखेसाठी ‘ट्रायलोबॅटस’ हा नवा वंश स्थापन झाला. त्याची आधारप्रजाती रॉईस यांची ट्रायलोबा. २०१२ पासून केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध होणाऱ्या नावांना, लेखात झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीतील नोंदणीचा पुरावा असल्यास, मान्यता मिळते. त्या सोयीमुळेच केवळ ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात असा वंश स्थापन करता आला. हे नाव आता रुळले आहे: ब्रुमर आणि कुचेरा यांच्या २०२२ च्या जिवंत प्लवक फोरॅमिनिफेरांच्या आढाव्यातही ट्रायलोबॅटस सॅक्युलिफर असेच नाव आहे.

पण नव्या वंशालाही एक खाच आहे, आणि ती मला या प्रकरणातील सर्वांत उद्बोधक गोष्ट वाटते. ट्रायलोबॅटसच्या शाखेतून पुढे आणखी काही वंश निघाले. मध्य मायोसीनच्या सुमारास याच शाखेतील बिस्फेरिकसपासून प्रीऑर्बुलिना आणि तिच्यापासून पूर्ण गोल ऑर्बुलिना झाली, हा सूक्ष्मजीवाश्मशास्त्रातील सर्वांत चांगला नोंदलेला उत्क्रांतिक्रम मानला जातो. सॅक्युलिफरपासून प्लायोसीनमध्ये फिस्टुलोसा उद्भवली. तिच्या शेवटच्या कक्षांना बोटांसारखे फाटे असतात. शुबर्ट यांनी १९१० मध्ये तिचे वर्णन केले होते आणि तिच्यासाठी १९७१ मध्ये ‘ग्लोबिजेरिनॉइडिसेला’ हा वंश स्थापन झाला. आता ‘एका पूर्वजाचे सर्व वंशज एकाच वंशात’ हे तत्त्व कठोरपणे लावून फिस्टुलोसाला सॅक्युलिफरच्या वंशात घेतले, तर त्या संयुक्त वंशाचे वैध नाव ट्रायलोबॅटस राहणार नाही. २०१५ पेक्षा १९७१ जुने असल्याने ते ग्लोबिजेरिनॉइडिसेला होईल. ऑर्बुलिनाही आत घेतली तर १८३९ चे ऑर्बुलिना सर्वांवर मात करील आणि आपला बहुरूपी जीव ऑर्बुलिना सॅक्युलिफेरा म्हणून ओळखावा लागेल. ट्रायलोबॅटस हे नाव टिकते ते त्याच्या वंशजांना वेगळ्या वंशांत राहू दिल्यामुळे. अनेक पूर्वजांचा वंश मोडून एक पूर्वज असलेला, पण वंशज वगळलेला वंश आला. ही सुधारणा आहेच. ती अंतिम मात्र नाही.

नोंदवहीत काय लिहायचे

क्रिस्टोफर पूल आणि ब्रिजेट वेड यांनी २०१९ मध्ये सॅक्युलिफर गट आणि फिस्टुलोसा यांचे वर्गीकरण तपशीलवार मांडले. त्यांच्या कामाचा व्यावहारिक रोख लक्षात घेण्यासारखा आहे, कारण फिस्टुलोसाचे नामशेष होणे ही थरांचे वय ठरवण्याची एक प्रस्थापित खूण आहे. ते सुमारे १८.८ लाख वर्षांपूर्वीचे धरतात. सॅक्युलिफरच्या पिशवीच्या टोकाला एखाददुसरा उंचवटा आला की काही जण लगेच फिस्टुलोसा लिहितात, तर काही जण स्पष्ट, अनेक फाटे दिसल्याशिवाय लिहीत नाहीत. व्याख्या सैल ठेवली तर शेवटची नोंद वरच्या थरात सरकू शकते आणि थराचे वय चुकू शकते. नावावरचा वाद येथे थेट वर्षांच्या आकड्यात उतरतो.

दुसरा परिणाम भूतकाळातील तापमान मोजणाऱ्यांवर होतो. सॅक्युलिफरची कवचे ऑक्सिजनची समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू), मॅग्नेशियम-कॅल्शियमचे गुणोत्तर आणि बोरॉनची समस्थानिके यांसाठी फार वापरली जातात. पिशवीचा कक्ष आणि युग्मकनिर्मितीच्या वेळी चढलेला थर हे आयुष्याच्या अखेरीस, अनेकदा अधिक खोल पाण्यात, तयार होत असल्याने त्यांची रासायनिक घडण आधीच्या कक्षांपेक्षा वेगळी असू शकते. म्हणून प्रयोगशाळांमध्ये ‘पिशवीसह’ आणि ‘पिशवीविना’ असे गट करून आणि एकाच चाळणी-आकाराची कवचे घेऊन मापन करण्याची पद्धत आहे. प्रजाती एक ठरल्यामुळे ही विभागणी अनावश्यक झाली, असा समज करून घेणे चूक आहे. फरक नावातून गेला. कवचातून गेलेला नाही.

त्यामुळे या गटाची मोजणी करणाऱ्याने एकाच रकान्यात सर्व काही कोंबू नये, असे मी सुचवीन. प्रजातीच्या रकान्यात आजच्या आणि अलीकडच्या काळातील नमुन्यांसाठी ‘ट्रायलोबॅटस सॅक्युलिफर’ आणि पुढे कंसात ब्रॅडी, १८७७. आकाराच्या रकान्यात ट्रायलोबस, इमॅच्युरस, क्वाड्रिलोबॅटस किंवा पिशवीधारी, आणि शेवटचा कक्ष तुटलेला असेल तर तसे स्पष्ट. ठरवता न आलेल्या कवचाला मनाने नाव देण्यापेक्षा ‘सॅक्युलिफर गट’ एवढेच लिहावे. मायोसीनच्या नमुन्यांत रूपप्रजातींची नावे ठेवावीत, पण ती आकारापुरती आहेत असे पद्धतीच्या भागात एका वाक्यात सांगावे, आणि कोणाची व्याख्या पाळली तेही लिहावे. जुन्या तक्त्यांतील ‘ग्लोबिजेरिनॉइडिस क्वाड्रिलोबॅटस’ अशा नोंदी नव्या नावात बदलताना मूळ नोंद पुसू नये. काही लेखकांनी त्या नावाखाली सगळा गट घेतला होता, तर काहींनी फक्त चार कक्षांचा आकार, आणि त्यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत होता हे मूळ चित्रे पाहिल्याशिवाय कळत नाही. चित्रे नसतील आणि कवचेही जपलेली नसतील, तर ती नोंद गटाच्या पातळीवरच वापरता येईल, त्याहून खाली नाही.